उसनी पोरं

संपादकांचा फोन आला. "साहेब, शाळा तपासणीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळी अंक आहे, वाचकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बायकोला विचारलं, "माझ्या नोकरीत गमतीचं काय होतं गं?" ती म्हणाली, "तुमचा डबा." तेव्हा डब्यापासूनच सुरू करतो. पुढे ते हलकंफुलकं राहिलं नाही, तर मला दोष देऊ नका. मी आधीच सांगून ठेवतोय.

मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होतो. आधी शहापूर तालुक्यात, मग मुरबाडला. या पदाचा बोध बाहेरच्या माणसाला होत नाही. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं की जावई शेतकी खात्यात आहे, आणि ते मला भाताच्या बियाण्याबद्दल विचारायचे. खरं काम सोपं होतं. आजूबाजूच्या काही गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा एकत्र करून त्याला बीट म्हणायचे. बीटातल्या प्रत्येक शाळेची वर्षातून एकदा नीट तपासणी करायची, मध्येमध्ये न सांगता जाऊन धडकायचं, आणि निघताना शेरेपुस्तकात काय दिसलं ते लिहायचं. गुरुजी लोक त्या शेऱ्याला इतके घाबरायचे की विचारू नका.

राहायला आम्ही आटगावला होतो. तिथून गाडी, पुढे एसटी, पुढे पाय. आणि खांद्याला डबा. आता तपासणीला जाणाऱ्या साहेबानं डबा न्यायचा, ही त्या काळात अगदीच विपरीत गोष्ट. रीत अशी होती की साहेब येणार म्हटलं की गावात कोंबडा पडायचा. साहेबाची जीप दिसली की आधी कोंबड्या पळतात आणि मग मास्तर, असं आमच्याकडे म्हणायचेच. मी डबा काढला की गुरुजींचा चेहरा उतरायचा. एका गुरुजींनी तर हात जोडले होते. "साहेब, आमचं काही चुकलं का? जेवत का नाही?" मी म्हटलं, "अहो, बायकोनं भाकरी दिलीय, ती कुणी खायची?" त्यांना ते पटलं नाही. डबेवाला साहेब म्हणजे कडक, असं माझं नाव झालं. झालं तर झालं. जेवलेला माणूस शेरा लिहिताना थोडा तरी नरम होतोच, आणि मी काही देव नव्हे.

तपासणी म्हणजे काय, तर पोराला वाचता येतं का ते बघायचं. बाकी सगळं त्यानंतर. पुस्तक मात्र मी कधी हातात दिलं नाही. पुस्तक पोरांना पाठ असतं. एका शाळेत एक चुणचुणीत पोरगा घडाघडा धडा वाचत होता. मी मध्येच त्याच्या पुस्तकाचं पान उलटलं, तरी हा पठ्ठ्या मागच्याच पानावरचं वाचतोय! तेव्हापासून मी खिशात हाताला लागेल तो कागद द्यायचो. डब्याला गुंडाळलेलं वर्तमानपत्र, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, काहीही. त्यावरचं वाचलं की पोराला वाचता येतं. आणि पोरगं निवडायचं ते मागच्या भिंतीजवळचं. पुढच्या रांगेत गुरुजींनी मांडून ठेवलेली असतात, ती मांडलेलीच असतात. म्हसा गावच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतो. शिंगं रंगवलीत म्हणून पैसे मोजत नाही. मला एवढंच शहाणपण होतं.

रंगवलेली शिंगं मात्र खूप पाहिली. एके वर्षी तीन शाळांत महाराष्ट्राच्या नकाशातला सिंधुदुर्ग उंदरानं कुरतडलेला दिसला. तिन्ही ठिकाणी तोच कोपरा. नकाशा एकच होता. माझ्या एसटीच्या पुढे मोटारसायकलवरून धावत होता. मी तिसऱ्या शाळेतल्या गुरुजींना म्हटलं, "उंदीर फार फिरतो हो तुमचा." ते खाली मान घालून हसले, मीही हसलो. अशा गमती होत्या, संपादकसाहेब.

नकाशे उसने मिळायचे तशी पोरंही उसनी मिळायची. लग्नघरी शेजारून पातेली आणतात ना, अगदी तसं. भात झोडून झाला की अर्धा पाडा वीटभट्टीवर निघून जायचा, आईबापाच्या मागे पोरं जायची, आणि शाळेत उरायची मोजकी. तपासणीला पट, म्हणजे हजेरीपटावरची मुलं, समोर कमी दिसली की मास्तरची खरडपट्टी. मग शेजारच्या गावच्या शाळेतून दहा-पंधरा पोरं चालत यायची, दिवसभर बसायची, संध्याकाळी घरी जायची. उद्या त्यांच्या शाळेवर पाळी आली की परतफेड. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. आपापसातली शेजारधर्माची रीत होती ती. मला चेहरे ओळखू यायचे. मी उसन्यांना बाजूला बसवायचो आणि घरच्यांना वाचायला लावायचो. ओरडायचो फक्त एकांतात.

मग दोन हजार सालानंतर तपासणीच बदलली. एक माणूस एका शाळेत दिवसभर बसतो, हे म्हणे जुनाट. आता पथकं आली, छापील नमुने आले, गुण आले, शाळांना अ, ब, क, ड अशा श्रेण्या आल्या. नमुन्यात काय नव्हतं? भिंती रंगवल्या का, कुंड्या ठेवल्या का, तक्ते किती, घोषवाक्यं किती, समितीच्या सभा किती. या सगळ्या गर्दीत एक ओळ वाचनाची. गाडी यायची, चार जण उतरायचे, खुणा करायचे, गाडी पुढच्या शाळेला. मी स्थानिक अधिकारी म्हणून मागच्या सीटवर. मुद्दाम सांगतो, पथकातली माणसं वाईट नव्हती. त्यांनाही संध्याकाळपर्यंत सगळे नमुने भरून द्यायचे होते.

त्याच सुमाराला वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत असलेल्या एका गावाच्या ओढ्यापलीकडच्या पाड्यावर वस्तीशाळा सुरू झाली. पावसाळ्यात ओढा भरला की पाड्यावरची पोरं गावातल्या मोठ्या शाळेत जाऊच शकत नव्हती, म्हणून पाड्यावरच एका घराच्या पडवीत ही शाळा. शिकवायला रंजना. गावातल्या बौद्धवाड्यातली बारावी झालेली मुलगी, नवरा कल्याणला कंपनीत जायचा, आणि ही रोज ओढा ओलांडून पाड्यावर. हुद्दा निमशिक्षिका. निम म्हणजे अर्धी. काम मात्र पूर्ण होतं, अर्धा फक्त मान होता.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खिशातून बिस्किटाचं वेष्टन काढलं, तर पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. मला कळेना. रंजना म्हणाली, "सायेब, आमी रोज तेच करतो. पाड्याव पुस्तकं कुठंत? दुकानातून जो पुडा येतो तो पोरं वाचतात. मिठाची पिशवी, खताची गोण, लगनाची पत्रिका." यमी नावाची काळीसावळी, बारीक पोरगी उठली आणि तिनं ते वेष्टन वजनासकट, पत्त्यासकट वाचून दाखवलं. शेवटी विचारते, "बिस्किटं कुठंयत?" मी पोट धरून हसलो. माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या सुखानं शेरेपुस्तक उघडावंसं कधी वाटलं नव्हतं. पण वस्तीशाळेला तेव्हा शेरेपुस्तकच आलेलं नव्हतं. रंजनाला म्हटलं, शेरा पुढच्या खेपेला देतो.

पुढची खेप पथकाची आली. म्हशाच्या जत्रेच्या आगेमागेचे दिवस, म्हणजे ऐन भट्टीचा हंगाम. रंजनाकडे पाड्यावरची सात-आठ पोरं उरली होती. हुकूम असा होता की पट ठरलेल्या आकड्याच्या खाली दिसला तर वस्तीशाळा बंद करायची. हे गावातल्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळलं. त्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत. रंजना त्यांच्याच हाताखाली शिकलेली, त्यांची लाडकी विद्यार्थिनी. ते तिच्या घरी गेले. "पोरी, तुझी शाळा जाईल. मी माझी पोरं पाठवतो." ती नको म्हणाली. "गुरुजी, माझी आहेत तेवढी दाखवते. भट्टीवरची येतील परत." गुरुजी म्हणाले, "अगं, पथकाला भट्टी काय कळते? ऐक माझं." आता ज्यानं आपल्याला बाराखडी शिकवली त्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

आणि गुरुजींनी पोरं पाठवली. पण कुठली? पथक त्यांच्याही शाळेत येणार होतं. मग चांगली वाचणारी त्यांनी स्वतःकडे ठेवली, आणि मागच्या बाकावरची, ज्यांना कुणी कधी उठवलंच नव्हतं, ती रंजनाकडे धाडली. त्यात कपट नव्हतं हो! शेजाऱ्याला आपण चांगलं पातेलं देतो का? चेपलेलंच देतो. हातचं चांगलं राखून ठेवावं, एवढाच विचार. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आम्ही ओढा उतरून पडवीत पोचलो. पथकप्रमुख जिल्ह्याहून आलेले, तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. पडवी भरलेली. मी नजर फिरवली. अर्धी पोरं मोठ्या शाळेची. चेहरे मला पाठ. आता मी बोललो की ही उसनी आहेत, तर खोटा पट दाखवला म्हणून शाळा जाणार. गप्प बसलो, तर ही पोरं काय वाचणार ते मला ठाऊक. रंजना माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

मी आपला जुना मार्ग धरला. "साहेब, त्या मुलीला विचारा," म्हणून यमीकडे बोट केलं. पथकप्रमुख हसले. "नाही साहेब, तुम्ही निवडायचं नाही. आता निवड पद्धतशीर करायची असते. दर तिसरं मूल." पद्धत न्यायाचीच होती. त्यांनी मोजलं आणि दर तिसरं मूल उठवलं. उठली ती सगळी उसनी. नवीन जागा, नवीन साहेब, पोरं थिजली. एकाला अक्षरं लावता येईनात. दुसऱ्यानं पुस्तक नुसतं छातीशी धरलं. तिसऱ्याला विचारलं, "तुझ्या बाईंचं नाव काय?" तो रंजनाकडे बघून म्हणाला, "नाय माहीत. आमी आजच आलोय."

पथकप्रमुखांनी नमुन्यावर खूण केली. तेव्हा रंजना पुढे आली. "सायेब, ही माझी पोरं नायत. मी खोटं नाय बोलणार. माझी ही एवढीच. बाकीची भट्टीव गेलीत आईबापासंगं. ह्यांना विचारा तुमी. काय पण वाचाया द्या."

"म्हणजे पट बनावट आहे," पथकप्रमुख म्हणाले. रागावून नव्हे. नुसती नोंद घेतल्यासारखं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, पोरं उसनी आहेत हे मी आल्या आल्या ओळखलं. ती मोठ्या शाळेची आहेत. त्यांना येत नाही तो दोष त्या शाळेचा. हिचं काम बघायचं तर हिची पोरं बघा." आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता यमीला जवळ बोलावलं, साहेबांच्या हातातल्या नमुन्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "हे काय लिहिलंय, वाच गो."

यमी वाकून वाचायला लागली. "शाळेचे नाव. केंद्र. तालुका मुरबाड." बोट खाली सरकवत गेली. "विद्यार्थ्यांना मराठी वाचता येते काय? होय. नाही." मग थांबली, कारण नाहीवर खूण होती. तिनं वर बघितलं. "सायेब, हे चुकलं तुमचं."

पथकप्रमुखांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहे," म्हणाले. खरोखर कौतुकानं म्हणाले. आणि कागद फाइलीत घातला. निवडलेली मुलं वेगळी होती आणि पुढे दोन शाळा व्हायच्या होत्या. गाडीकडे जाताना मी मागे लागलो, तेव्हा म्हणाले, "मला पटतंय तुमचं. पण मी काय लिहू? उसन्या मुलांचा रकाना कुठाय?"

दुपारी तेच पथक मोठ्या शाळेत गेलं. कुंड्या, तक्ते, घोषवाक्यं, राखून ठेवलेली हुशार पोरं. शाळेला अ श्रेणी. पाड्यावर धाडलेली ती उसनी पोरं तोवर ओढा ओलांडून परत आपल्या बाकावर येऊन बसली होती, पण दर तिसऱ्याच्या मोजणीत त्यांतलं एकही आलं नाही.

मी कार्यालयात भांडलो. शांतपणे भांडण्याचा माझा स्वभाव नाही. टेबलावर हात आपटला. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, असं तोंडावर म्हटलं. लेखीही दिलं. वरच्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तपासणी ज्या छपराखाली झाली त्या छपराचा निकाल. आणि पट बनावट होता की नाही?" होता. त्या चहाची चव अजून तोंडात आहे, इतका गोड होता.

जूनमध्ये वस्तीशाळा बंद झाली. पोरं कागदावर मोठ्या शाळेत दाखल. कागदावर ओढा नसतो. पाऊस लागला तसा ओढा भरला आणि पाड्यावरून कुणी आलं नाही. पाणी उतरल्यावर मुलगे आले. यमी आली नाही. तिच्या बापाला मी गाठलं, तर तो म्हणाला, "सायेब, पोरीला एवढं लांब कोण धाडील? आणि वाचाया येतंय ना तिला आता." पुढच्या हंगामाला ती भट्टीवर गेली. विटा थापायला वाचता यावं लागत नाही.

मोठ्या गुरुजींना हे फार लागलं. एकदा वाटेत भेटले तेव्हा मी तोंड फिरवलं, तर माझा हात धरून रडले. "मी मदतच करायला गेलो होतो हो." मला दया आली आणि रागही आला. दोन्ही अजून आहेत. शाळेत शिजवलेली खिचडी द्यायचं सुरू झालं तेव्हा गुरुजींनी आग्रह धरून स्वयंपाकाचं काम रंजनाला मिळवून दिलं. गावात कुजबुज झाली, तिच्या हातचं पोरांनी खायचं का म्हणून. कुजबुज करणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत आणि त्यांची पोरं आज कुठे नोकरीला आहेत तेही. गुरुजी मात्र ठाम राहिले. "ज्याला नको त्यानं घरून डबा आणा," म्हणाले. आणला नाही कुणी. आयुष्यात एक काम त्यांनी न डगमगता केलं, एवढं मी त्यांच्या खात्यावर लिहितो.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात माझी शेवटची तपासणी त्याच मोठ्या शाळेत लागली. नमुना नवीन आला होता, पोषण आहाराचा. तांदूळ झाकलेला आहे का, भांडी स्वच्छ आहेत का, आणि अधिकाऱ्यानं स्वतः खाऊन चवीपुढे खूण करायची. उत्तम, मध्यम, निकृष्ट. त्या दिवशी बायकोनं डबा दिला होता, पण तो पिशवीतच राहिला. इतकी वर्षं शाळेत जेवलो नाही म्हणून मिरवलो, आणि शेवटी माझं काम काय, तर शाळेत जेवायचं!

मी शाळेच्या पडवीत ताट घेऊन बसलो. रंजना वाढायला आली. केस थोडे पांढरे झाले होते. मी एक घास खाल्ला. चांगली होती खिचडी, मीठ नेमकं. मी उत्तमवर खूण केली. ती मान वाकवून बघत होती.

"उत्तम," तिनं वाचलं. "लई वर्षांनी माझ्या कामाला शेरा मिळाला, सायेब. तुमी देतो म्हणाला होता तेवा."

मी पाणी प्यायलो. आत वर्गात पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती, पाठ केलेलं. तिचं लक्ष तिकडं गेलं.

"आज पोरांना वाचाया लावलंत का?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "आजचा नमुना खिचडीचा आहे. वाचनाचा रकाना त्यात नाही."

तिनं पातेल्यात पळी बुडवली.

"मंग काय," ती म्हणाली, "जेवा." आणि माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.